दुरुस्तीचं हेडच नाही

मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स, आहे आणि माझं माहेर रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीत. पावसाळा लागला की आईच्या छातीत घरघर सुरू व्हायची, भावाचा फोन यायचा, मी औषध पाठवायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारवीच्या कुडाचं एकखणी घर, कोपऱ्यात चूल, डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर निळा कागद. झड लागली की दार लावून घ्यायचं, ओली लाकडं फुंकायची आणि तो धूर सगळ्यांनी गिळायचा. मागच्या कुडाला ओल इतकी की दोरीवरच्या कपड्यांना बुरशी धरायची. उन्हाळ्यात त्याच पत्र्याखाली दुपारचं बसवत नसे, आई जांभळीखाली जाऊन पडायची. घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मी गावोगाव बायकांना सांगत फिरते. आईच्या हातात दम्याचा पंप द्यायचा आणि तिला पुन्हा त्याच चुलीपुढे बसवायचं, याला उपचार कसं म्हणायचं?

म्हणून घरच दुरुस्त करायचं ठरवलं. माझी मागणी अगदी बेताची होती. मागची भिंत विटेची, समोरासमोर दोन खिडक्या, चुलीला धुराडं आणि छप्पर दोन हात वर. चाळीस-पन्नास हजारांचं काम. एवढ्याला सरकारी मदत मिळते का, ते विचारायला ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चहा मागवला आणि एका वाक्यात विषय मिटवला, "सिस्टर, दुरुस्तीचं हेडच नाही. नवीन घर पाहिजे असेल तर बोला."

दुरुस्तीच्या खर्चाला सरकारदरबारी खातंच नाही, हे मला पटेना. पण कागद वाचत गेले तसं कळलं की ते खरंच बोलत होते. जुन्या इंदिरा आवासमध्ये निधीचा काही हिस्सा कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी ठेवलेला असायचा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली आणि सगळा भर नव्या बांधकामावर गेला. सपाटीला १ लाख २० हजार, डोंगरी आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. राज्याच्या शबरी घरकुलातही मिळतं ते नवं घरच. ठक्कर बाप्पा योजनेतून वाडीला रस्ता मिळतो, समाजमंदिर मिळतं. एखाद्या घराची भिंत मिळत नाही. पालघरकडच्या पेसा कायद्यातल्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. तो मार्ग आम्हाला असता तर बरं झालं असतं. पण रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही. आदिवासी वाड्या इथेही डोंगरभर आहेत, फक्त यादीत जिल्हा नाही.

मग राहिलं जनमन. १५ नोव्हेंबर २०२३ ला पंतप्रधानांनी झारखंडमधल्या खुंटीत ही योजना जाहीर केली. देशातल्या ७५ अतिमागास आदिवासी समूहांसाठी आहे. महाराष्ट्रातले त्यात तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घराला २ लाख, शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून आपल्याच घराच्या बांधकामाची ९० दिवसांची मजुरी, डोंगरी भागात ९५ दिवसांची. रस्ता, वीज, नळ, अंगणवाडी हेही त्याच योजनेत. पन्नास हजारांची दुरुस्ती मागायला गेले आणि दोन लाखांचं घर घ्या म्हणाले. नाही कशाला म्हणायचं?

सर्वेक्षणवाले आले तेव्हा निम्मी वाडी रिकामी होती. दिवाळी झाली की आमची माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बाबा, भाऊ आणि वहिनी कल्याणकडच्या भट्टीवर होते. आई दम्यामुळे मागे राहिली म्हणून सापडली, आणि घर तिच्याच नावावर मंजूर झालं. ज्यांच्या दाराला कुलूप होतं त्यांच्यापुढे "स्थलांतरित" अशी नोंद पडली. भट्टीचा मुकादम दिवाळीआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही, हे जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही असं नाही. तरी आमच्याकडे सर्वेक्षण नेमकं हिवाळ्यातच. वाडीतल्या दोन पोरांनी मोबाईलवर निरोप धाडले, ज्यांना जमलं ते रात्रीच्या गाडीने आले, आधार दाखवला आणि पहाटे परत गेले. बाकीच्यांची नावं पुढच्या फेरीत घालायला पुष्कळ खटपट करावी लागली.

कागदांचं सांगते, कारण खरं घोडं तिथेच अडतं. जातीचा दाखला वाडीतल्या थोड्यांकडेच होता. जनमनच्या शिबिरात तो मात्र भराभर मिळाला; एका मांडवात आधार, रेशनकार्ड, दाखला, आयुष्मान कार्ड. असं काम मी सरकारी नोकरीतही क्वचित पाहिलंय. अवघड होती ती जागा. आमच्या बहुतेक वाड्या कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर बसलेल्या आहेत. आजोबांच्या वेळी जमीनमालकाने राखणीला म्हणून बसवलं, तेव्हापासून आम्ही तिथेच. शेतमजुराच्या घराखालची जागा त्याची व्हावी म्हणून कुळकायद्यात १७-ब कलम आहे. पण त्याचा अर्ज करायचा तर मालकाशी उभा दावा, आणि मालकाच्या शेतातूनच तर पाण्याची वाट. आमचं निभावलं ते नमुना ८ च्या उताऱ्यावर. बाबांनी घरपट्टी कधी चुकवली नव्हती, एकेक पावती आईने पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. त्या पिवळ्या पावत्या टेबलावर मांडल्या तेव्हा समोरच्या कारकुनाला नाही म्हणता येईना. ज्यांच्याकडे तेवढंही नाही त्यांनी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला पैसे मिळतात का ते जरूर विचारावं. मात्र ती योजना विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पहिला हप्ता "जमा" झाला आणि खात्यात काहीच नाही. आईचं पासबुक मी स्वतः भरून घेतलं होतं, खातं चालू होतं. बँकेत म्हणाले, आमच्याकडे आलेच नाहीत. तालुक्याला म्हणाले, गेलेत. शेवटी सेवा केंद्रातल्या पोराने आईचा अंगठा घेऊन पाहिलं, तर आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. दोन वर्षांपूर्वी बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदाराने आईचा अंगठा दोनदा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यावर तिच्या नावाने मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं, आणि सरकारी पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. अर्जावर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा. पैसे बुडाले नव्हते, निघाले. पण तोवर जोत्याचे दिवस गेले आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "लेक नर्स आहे तरी पैसा सापडंना."

हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. प्रत्येक टप्प्याला फोटो: आधी जुन्या घरापुढे लाभार्थी उभी करून, मग रिकाम्या जागेवर, मग जोतं, मग भिंती. फोटोला जागेचा अक्षांश-रेखांश चिकटतो. वाडीत रेंज नाही, त्यामुळे घरकुलाच्या इंजिनिअर साहेबांनी फोटो काढून न्यायचा आणि खाली गावात जाऊन चढवायचा. साहेब रजेवर गेले की भिंत तिथेच थांबते.

एवढ्यात ठेकेदार फिरायला लागले. "दोन लाखात चावी हातात, तुम्ही फक्त अंगठा द्या." घरकुल लाभार्थ्यानेच बांधायचं, ठेकेदाराला द्यायचं नाही, असा योजनेचा स्पष्ट नियम आहे. तरी पलीकडच्या वाडीत एका ओळीत सारखी घरं उभी राहिली होती. चारी बाजूंनी बंद, एकेक बुटकी खिडकी, वर सिमेंटचा पत्रा. आत चूल मांडायची तर धूर जायला फट नाही. बायकांनी बाहेर ताडपत्री बांधून तिथे चुली घातल्या आणि पावसात तिथेच भिजत भाकऱ्या भाजतात. आमच्या कुडाच्या घराला निदान सांदी-फटी होत्या. पक्कं घर मिळून श्वास आणखी कोंडला, असं मी लिहिलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण मी त्या वाडीत डोस पाजायला जाते आणि डोळे चोळत बाहेर येते.

आईशी माझं खरं भांडण झालं ते छपरावरून. तिला स्लॅब हवा होता. गावात ज्याचा स्लॅब तो माणूस, बाकी सगळे झोपडीवाले, हा हिशोब तिने जन्मभर पाहिलाय. मला मंगळुरी कौलं हवी होती. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि कोकणात स्लॅब झाले तशी जुन्या वाड्यांची कौलं उतरवून स्वस्तात विकायला पडलेली आहेत. आई म्हणाली, "माकडं फोडतील. मग तू येशील का नोकरी सोडून शाकारायला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माकडं खरंच फोडतात.

पैशानेच निकाल लावला. मिस्त्रीने स्लॅबचा आकडा सांगितला तो लाखाच्या घरात. म्हणजे भिंतींना गिलावा नाही, जमिनीला कोबा नाही, खिडक्यांना झडपा नाहीत. बाबा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "लाकडाचं मी बघतो. कौलं घाला. माकडांना करवंदीचे काटे पसरू." इंजिनिअर साहेबांनी शंका काढली की छत पक्कं पाहिजे. मी म्हटलं, साहेब, हाताने केलेली नळीची कौलं कच्च्यात धरतात, मशीनची पक्क्यात. त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारलं आणि मान हलवली. नियम माहीत असला की आवाज चढवावा लागत नाही, हे नोकरीत शिकलेलं इथे उपयोगी पडलं.

आराखडाही आपला आपण ठरवता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अट एवढीच की घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असावं आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली असावी. आम्ही जोतं दोन फूट उचललं, कारण डोंगरावरचं पाणी मागून भिंतीला लागायचं. पुढच्या-मागच्या खिडक्या समोरासमोर धरल्या. छपराची पागोळी भिंतीपासून अडीच फूट पुढे काढली, म्हणजे झड भिंतीवर येत नाही. चुलीच्या बाजूला भिंत कौलांपर्यंत न नेता वर वीतभर जाळी सोडली. आणि चुलीच्या बरोबर वर एक काचेचं कौल. त्या एका कौलाने दिवसा दिवा लावायची गरज संपली. आई आता तांदूळ निवडायला अंगणात जात नाही.

विटा भट्टीवरूनच आणल्या, मजुरीतून वळत्या करून. मालक तिसऱ्या दर्जाच्या देत होता. बाबा ढिगापाशी उकिडवे बसले आणि दोन-दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर हाणत गेले. खण्ण वाजली ती डावीकडे, बद्द वाजली ती परत ढिगात. मुकादम चिडला, मग हसायला लागला. त्याच विटा बाबांनी साच्यातून पाडल्या होत्या. कुठल्या फेरीत माती कच्ची राहिली, कुठल्या थराला आच कमी लागली, ते त्यांना तोंडपाठ. ट्रक डांबरी रस्त्यापर्यंतच येतो. तिथून वाडीपर्यंतचा चढ वहिनी आणि शेजारच्या बायकांनी डोक्यावरून वाहिला. कुठल्याही अंदाजपत्रकात या वाहतुकीला रकाना नाही.

घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत, असं शासनाचं धोरण आहे. आमच्या वाट्याला ती वेळेत आली नाही, आम्ही क्रशरची वाळू घेतली. हप्ता उशिरा आल्यामुळे भिंती उन्हाळ्यात चढल्या, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीला तळ दिसतो. सिमेंटला पाणी मारायचं की माणसांनी प्यायचं? गोणपाटं ओली करून भिंतींवर घातली, रात्री पाणी शिंपडलं. कोपऱ्यात एक बारीक तडा आहेच. वाडीच्या बांधकामाचा पैसा जानेवारीत हातात पडला पाहिजे, हे एवढं साधं वेळापत्रक कुणी पाळलं तर निम्म्या घरकुलांचे तडे टळतील.

रोजगार हमीच्या मजुरीचा दर तेव्हा २९७ रुपये होता. ९० दिवसांचे २६,७३० होतात. हजेरीचं मस्टर वेळेवर निघालं नाही म्हणून मी रोजगारसेवकाच्या मागे लागले, पैसे तुकड्या-तुकड्याने आले आणि गिलाव्यात गेले.

आता चुलीकडे येते, कारण माझ्या लेखी सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. आईकडे उज्ज्वलाचा गॅस आहे. २०२४ पासून राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन टाक्या फुकट मिळतात. पण टाकी खालच्या गावातून खांद्यावर आणायची, आणि तीन टाक्यांत पाच-सहा माणसांचं वर्ष निघत नाही. चहा, भाजी, रात्री-अपरात्री पोराचं दूध गॅसवर. भात, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. यात बदल होईल असं मला वाटत नाही, निदान लाकूड फुकट आहे तोवर. मग चूलच सुधारली. ऐंशीच्या दशकात निर्धूर चुलींचा मोठा सरकारी कार्यक्रम होता. त्यातल्या एका जुन्या कारागिराला भावाने शोधून आणलं. दोन वैलांची चूल, बाजूने चार इंची सिमेंटचा पाइप, तो कौलांच्या दोन फूट वर आणि टोकाला टोपी. साहेबांच्या फोटोत ती कुठेच नाही, कारण ती योजनेत बसत नाही. पैसे वहिनीने बचत गटातून उचलले.

पहिल्या महिन्यात धूर परत घरात यायला लागला तेव्हा आई म्हणाली, "झालं, गेले पैसे." पाइपात काजळी साठली होती. आता दर पंधरा दिवसांनी बांबूला चिंधी बांधून तो आतून पुसतात. ते काम भावाकडे दिलंय, मुद्दाम.

आईचा दमा गेला का? नाही. इतक्या वर्षांची छाती एका पावसाळ्यात सुधारत नाही. पण गेल्या पावसाळ्यात रात्रीचा फोन आला नाही आणि पंप आधीपेक्षा बराच जास्त दिवस पुरला. मे महिन्यात मी उपकेंद्रातला थर्मामीटर नेऊन दुपारी दोन वाजता आमच्या आणि शेजारच्या पत्र्याच्या घरात टांगून पाहिला. चार-पाच अंशांचा फरक होता. पंखा मात्र दोन्हीकडे सारखाच चालत होता, म्हणजे लाइट असेल तेव्हा.

आता माझं भांडण आत्याच्या घराचं आहे. आत्याला पूर्वी इंदिरा आवासमध्ये घर मिळालं होतं. त्याच्या स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडल्यात, पावसात घरात पातेली मांडून ठेवावी लागतात, आणि तिच्या सुनेलाही खोकला लागलाय. पण यादीत तिच्या नावापुढे "लाभ घेतलेला" असं येतं. एकदा घर मिळालं की सरकारदरबारी ते कायमचं पक्कं. ते गळू शकतं, याची नोंद करायला अर्जात जागाच नाही. तिला नवं घर नकोच आहे. स्लॅबवर उताराचा पत्रा, मध्ये हवेला हातभर फट, स्वयंपाकघराला खिडकी आणि धुराडं एवढं झालं तरी ते घर आणखी वीस वर्षं काढेल, नव्या घराच्या चौथाई खर्चात.

ग्रामसभेत मी हा ठराव मांडला: जुन्या घरकुलांच्या दुरुस्तीसाठी पंचायतीने वरिष्ठांकडे मागणी करावी. वाडीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या, ठराव झाला. भाऊसाहेबांनी तो लिहून घेतला आणि मला परत तेच सांगितलं, हेडच नाही, पण या वेळी जरा ओशाळून. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या हातात न्यूक्लियस बजेट नावाचा छोटा निधी असतो. स्थानिक गरजेप्रमाणे, इतर योजनांत न बसणाऱ्या कामांसाठी तो वापरता येतो. मी तिथे आत्यासकट अकरा घरांचे अर्ज एकत्र दिलेत. प्रत्येकाला स्लॅबचे फोटो, मिस्त्रीचा अंदाज आणि घरातल्या आजारी माणसाचे केसपेपर जोडलेत. पोच घेतली आहे. पावसाआधी काही हललं नाही तर बचत गटातून पत्र्याचे पैसे उचलायचे, हे वहिनी आणि आत्याच्या सुनेने ठरवून टाकलंय. फॅब्रिकेशनवाला येऊन माप घेऊन गेलाय.